जवसाचें छत आणि कुंभारणीचें घर

परदेशीं गेलेला आपल्याकडील मनुष्य बहुधा तेथील जुनीं देवालयें, राजवाडे व चित्रशाळा पाहून येतो. ज्याला नव्याची हौस असते तो उंच मनोरे आणि लांबलचक पूल पाहतो. आमच्या गेल्या प्रवासांत मात्र या दोन्ही प्रकारांत न बसणाऱ्या तीन इमारती पाहण्याचा योग आला. तिन्ही लहान; आपल्याकडील एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकांत त्यांपैकीं कोणतीहि सहज मावावी. एक लांकडाची, एक जवसाच्या धाग्यांची आणि एक मातीची. साहित्य पाहूं गेल्यास आपल्या आजी-पणजीच्या ओळखीचें. परंतु तें घडविणारा हात पुष्कळ अंशीं यंत्राचा, आणि त्या हाताला वाट दाखविणारी बुद्धि संगणकाच्या गणिताची. हा अजब योग कसा घडला आणि त्यांत आपल्यासारख्या संसारी माणसांनीं लक्ष घालण्याजोगें काय आहे, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहे.

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांत स्टुटगार्ट हें शहर आहे. मुंबईचें आणि त्याचें १९६८ सालापासून भगिनीशहरांचें नातें जडलेलें आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळें पुण्याकडील पुष्कळ तरुण इंजिनिअर आतां तेथें नोकरीस असतात. आमचा एक पुतण्या त्यांपैकींच, आणि आमचा मुक्काम त्याच्याच बिऱ्हाडीं होता. मोटारीच्या कारखान्यांत पोलादाचे पत्रे उचलणारे व सांधणारे जे यंत्राचे हात असतात, त्यांस रोबॉट म्हणतात, हें आतां लहान मुलांसहि ठाऊक आहे. या शब्दाचा उगम मात्र मनोरंजक आहे. कारेल चापेक या चेक लेखकानें १९२० सालीं लिहिलेल्या नाटकांत तो प्रथम योजला, आणि त्याच्या भाषेंत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, बिगार. सारांश, रोबॉट हा नांवानेंच वेठबिगार आहे. सांगितलेलें काम, सांगितलें तितक्या वेळां, तिळमात्र फरक न करतां करीत राहणें हा त्याचा धर्म.

याच वेठबिगाऱ्याला स्टुटगार्टच्या विद्यापीठांत एका निराळ्याच विद्येचे पाठ चालले आहेत. आखिम मेंगेस हे वास्तुशास्त्रज्ञ आणि यान क्निपर्स हे बांधकामाचे इंजिनिअर, या दोघांच्या संस्थांनीं कित्येक वर्षें मिळून लहान लहान मंडप बांधले. त्यांसाठीं कधीं समुद्रांतील शेवंड्याच्या कवचाचा, कधीं भुंग्याच्या पंखावरील टणक झांकणाचा, तर कधीं पाण्याखालीं घर करणाऱ्या कोळ्याचा अभ्यास केला. निसर्ग थोडक्या साहित्यांत बळकट वस्तु कशी उभी करतो, हें पाहून त्याप्रमाणें यंत्राच्या हाताकडून काम करून घ्यावयाचें, असा त्यांचा क्रम. या खटपटीची फळें पाहण्यासाठीं एका रविवारीं पुतण्यानें आम्हां उभयतांस प्रथम उरबाख येथें नेलें.

स्टुटगार्टहून पूर्वेकडे रेम्स नदीच्या खोऱ्यांतून आगगाडी जाते. दोहों अंगांस द्राक्षांचे मळे आणि फळझाडांनीं भरलेले उतार लागतात. वाटेंत शोर्नडॉर्फ हें गांव आहे. मोटारगाडीच्या जनकांपैकीं एक जो गॉटलीब डाइम्लर, त्याचा जन्म १८३४ सालीं येथेंच झाला. त्याच्या पुढलेंच गांव उरबाख. २०१९ सालीं या खोऱ्यांतील गांवांनीं मिळून एक उद्यान-प्रदर्शन भरविलें होतें. त्या निमित्तानें गांवाबाहेरच्या उतारावर १४ मीटर उंचीचा एक लांकडी मनोरा उभारला गेला. लांबून पाहतां एखादी अर्धवट मिटलेली कळी देठावर उभी आहे असा भास होतो. जवळ गेल्यावर दिसतें कीं, बारा वळलेल्या फळ्या एकमेकींस बिलगून उभ्या आहेत आणि या फळ्यांच्या वळणांतच साऱ्या मनोऱ्याचें बळ आहे. भिंतीची मुख्य जाडी अवघी ९ सेंटिमीटर. कोरा कागद उभा राहत नाहीं, पण त्याला बांक दिला म्हणजे उभा राहतो. तोच हा न्याय.

पुतण्या म्हणाला, “काका, या फळ्या कोणी वांकवलेल्या नाहींत बरें का. त्या आपल्या आपणच वांकल्या आहेत.”

आमच्या सौभाग्यवतींनीं लागलीच विचारलें, “म्हणजे वाळत घातलेल्या पापडासारख्या?”

पुतण्या हंसला, पण उपमा अगदीं अचूक होती. उन्हांत घातलेल्या पापडाची वरची बाजू आधीं वाळून आक्रसते, खालची मागें राहते, म्हणून त्याच्या कडा उचलतात. लांकडाचा स्वभाव असा कीं, वाळतांना तें धाग्याच्या आडव्या दिशेस पुष्कळ आक्रसतें, परंतु धाग्याच्या दिशेस जवळजवळ मुळींच नाहीं. म्हणून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचें लांकूड ओलें असतांना, एका थराचा धागा दुसऱ्यास आडवा येईल अशा रीतीनें थर चिकटवून सपाट फळ्या केल्या. तेव्हां लांकडांत ओलावा होता २२ टक्के. मग त्या भट्टींत वाळवून ओलावा १२ टक्क्यांवर आणला. एक थर आक्रसूं लागला, आडवा थर त्याला जाऊं देईना; या ओढाताणींत सपाट फळी हळूहळू कमानीसारखी वळली. किती वळेल तें संगणकानें अगोदर गणित करून सांगितलें होतें. पुढें तासकाम वगैरे होऊन फळ्या उरबाखला आल्यावर चार कारागिरांनीं एका दिवसांत मनोरा उभा केला.

पावसाळ्यांत आपल्याकडे माजघराचें दार फुगून बसतें. आपण त्याला शिव्या देतों आणि सुताराला बोलावून रंधा मारून घेतों. लांकडाचा जो गुण आपल्या लेखीं खोडी, तोच येथें कामास लावला आहे. वांकविण्यासाठीं जें प्रचंड दाबयंत्र लागलें असतें, त्याचें काम लांकडाच्या स्वभावानेंच केलें.

परतीच्या गाडींत डाइम्लरचें गांव पुन्हां मागें पडलें, तेव्हां एक विचार मनांत आला. त्या थोर पुरुषाच्या पिढीपासून यंत्रयुगानें एकच मागणी केली: प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखा हुबेहूब पाहिजे. पोलाद, काच आणि सिमेंट हीं या बाबतींत आज्ञाधारक. उलट लांकडाचा एक गांठाळ तुकडा दुसऱ्यासारखा नसतो. एका शेतांतली माती शेजारच्या शेतांतल्यासारखी नसते. गवताची एक काडी दुसरीहून जाड असते. यंत्राला हा लहरीपणा सोसवेना, म्हणून तें साहित्यच मागासलेलें ठरलें. आपला जुना सुतार मात्र फळी हातीं घेऊन आधीं तिचा धागा पाही, गवंडी मातीचा गोळा मुठींत दाबून पाही, आणि मगच कामास लागे. दोष साहित्याचा नव्हता. त्याची विचारपूस करण्याची ऐपत यंत्रांत नव्हती. आतां ती थोडीथोडी येऊं लागली आहे, एवढाच उरबाखच्या मनोऱ्याचा अर्थ.

दुसरी इमारत पाहण्यासाठीं आम्ही फ्रायबुर्गला गेलों. हें गांव कृष्णवनाच्या, म्हणजे जर्मन लोक ज्याला श्वार्त्सव्हाल्ड म्हणतात त्या अरण्याच्या पश्चिम पायथ्याशीं वसलें आहे. रस्त्यांच्या कडेनें दगडी पाटांतून झुळझुळ पाणी वाहतें आणि मुलें त्यांत लहान होड्या सोडून दोरीनें ओढीत असतात. मध्यभागीं तांबूस दगडाचें भव्य देऊळ आहे. त्याचें ११६ मीटर उंच शिखर चौदाव्या शतकांत पुरें झालें. २७ नोव्हेंबर १९४४ च्या रात्रीं बाँबवर्षावांत भोंवतालचें जुनें गांव उद्ध्वस्त झालें, तरी हें जाळीदार दगडी शिखर उभें राहिलें. शिखर आंतून पोकळ व जाळीचें आहे, हें ध्यानांत ठेवून वाचकांनीं आतां तेथील विद्यापीठाच्या वनस्पति-उद्यानाकडे यावें. कारण २०२१ सालीं स्टुटगार्ट व फ्रायबुर्ग येथील विद्यापीठांनीं मिळून या उद्यानांत जो मंडप उभारला, तोहि जाळीचाच; मात्र दगडाच्या नव्हे, जवसाच्या.

जवस म्हटलें कीं आपल्याला चटणी आठवते. विदर्भ-मराठवाड्याकडे हें पीक बियांसाठीं व तेलासाठीं घेतात. युरोपांत याच झाडाची उंच वाढणारी जात दाट पेरून तिच्या कांडाचा धागा काढीत आले आहेत. लिनन म्हणून जें तलम कापड प्रसिद्ध आहे तें याचेंच. आपल्याकडे अंबाडीच्या काड्या पाण्यांत कुजवून वाख काढतात, तशीच जवसाचीहि रीत. एका वर्षांत शेतांत उगवणारें, आणि अंगच्या वजनाच्या मानानें फार चिवट, असें हें सूत. स्टुटगार्टच्या मंडळींनीं पूर्वीं असेच मंडप काचेच्या व कार्बनच्या तंतूंचे केले होते; २०१९ सालीं हाइलब्रॉन्न येथें केलेला मोठा मंडप त्याच जातीचा. ते तंतु बळकट खरे, पण त्यांच्या निर्मितीस भयंकर उष्णता लागते. म्हणून फ्रायबुर्ग येथें त्यांनीं भार पेलणाऱ्या सांगाड्यासाठीं सर्वस्वीं जवसाचा अखंड धागा घेतला.

काम कसें झालें तें बाज विणतांना ज्यांनीं पाहिली आहे त्यांस लागलीच कळेल. सुतार चौकट करून देतो आणि विणणारा सुंभ एका गात्यावरून दुसऱ्यावर ताणीत जातो. चौकटीच्या आंत आधाराला कांहीं नसतें, सुंभच सुंभाला धरतें. येथेंहि एक चौकट, तिच्यावर खुंट्या, आणि राळेंत भिजविलेला धागा या खुंटीवरून त्या खुंटीवर नेणारा यंत्राचा हात. पुढचा धागा मागच्यावर दाब देतो आणि हळूहळू हवेंतच एक वळणदार जाळी तयार होते. राळ वाळून कठीण झाली कीं चौकट काढून घेतात. साचा लागत नाहीं, म्हणून कापून टाकलेला चुराहि मागें राहत नाहीं. असे १५ भाग, प्रत्येकीं साडेचार ते साडेपांच मीटर लांब, वजनानें सरासरी सुमारें १०५ किलो. ते मिळून ४६ चौरस मीटर जागेवर छत झालें, आणि धाग्यांच्या साऱ्या सांगाड्याचें वजन भरलें अवघें दीड टन. तेवढ्याच जागेवर सिमेंटचा साधा स्लॅब घातला तर तो याच्या कित्येक पट भरेल.

या जाळीचा कित्ता निवडुंगाचा. आपल्याकडे कुंपणावरील फड्या निवडुंग वाळून कुजला म्हणजे त्याच्या पानासारख्या फडींतून एक सुबक काष्ठजाळी उरते. मुलें ती गोळा करतात. जेथें भार अधिक तेथें ती दाट, जेथें कमी तेथें विरळ. अमेरिकेंतील खांबासारखा वाढणारा सग्वारो आणि हा फड्या, या दोघांची रचना तपासून धागा कोठें दाट घ्यावयाचा आणि कोठें विरळ, हें ठरविलें. मंडपाखालीं उभें राहून वर पाहिलें, तेव्हां मधासारख्या रंगाच्या त्या जाळींतून ऊन गाळून खालीं येत होतें आणि एखाद्या मोठ्या पानाच्या पोटांत उभे आहोंत असें वाटत होतें.

येथें दोन गोष्टी मात्र प्रांजळपणें सांगितल्या पाहिजेत. जवसाचा धागा मातींत मिळून जातो, पण त्याला कठीण करणारी राळ तशी सहजासहजीं मिळत नाहीं. शिवाय जाळींतून पाऊस आंत येणारच, म्हणून मंडपावर पारदर्शक प्लास्टिकचें आवरण घालावें लागलें. म्हणजे शेतांतून आलेल्या साहित्याला अजून कारखान्याचा रेनकोट सुटलेला नाहीं. हा उणेपणा करणारांस ठाऊक आहे आणि प्रयोग करावयाचा तो यासाठींच. पण नुसतें ‘निसर्गाचें घर’ असें नांव ऐकून हुरळून जाणारानें तो विसरूं नये.

पुतण्याची रजा संपली, तेव्हां पुढें इटलीस आम्ही दोघेंच निघालों. वाटेंत बाझल हें स्विस शहर लागलें. कोंकणांतील ज्या वाचकांच्या घरावर मंगळुरी कौलें असतील त्यांस या गांवाशीं आपला संबंध आहे हें ऐकून नवल वाटेल. येथील मिशननें १८६५ सालीं मंगळूरास यंत्रानें दाबलेल्या कौलांचा कारखाना काढला, आणि कुंभारानें हातानें घडविलेलीं नळीचीं कौलें हळूहळू मागें पडलीं. मातीची आणि यंत्राची गांठ पूर्वींहि पडली होती ती अशी. त्या वेळीं यंत्रानें मातीला आपल्या साच्यांत बसविलें. मंगळुरी कौल गळत नाहीं, लवकर बसतें, हे त्याचे गुण कोण नाकारील? परंतु त्या भेटींत वांकावें लागलें तें मातीला आणि कुंभाराला. इटलींत आम्हीं याच्या उलट प्रकार पाहिला.

उत्तर इटलींत, बोलोन्याच्या पूर्वेस, राव्हेन्ना जिल्ह्यांत मास्सा लोंबार्दा नांवाचें लहानसें गांव आहे. सपाट काळसर जमीन, फळबागांच्या सरळ रांगा. आपल्याकडील नदीकांठच्या मळईची आठवण व्हावी असा प्रदेश. येथें मास्सिमो मोरेत्ती या गृहस्थानें चालविलेली ‘वॉस्प’ नांवाची कंपनी आहे. इंग्रजींत वॉस्प म्हणजे गांधीलमाशी. आणि कंपनीनें गुरु केला आहे तो तिच्यापैकीं मातीचें घर बांधणाऱ्या जातीला, म्हणजे आपल्या कुंभारणीला. दाराच्या चौकटीवर किंवा तसबिरीमागें मातीचे चिमुकले गोळे आणून जी घरकुल लिंपते ती ही कुंभारीण. वेदान्तांतला भ्रमरकीटन्याय हिच्यावरूनच निघाला असें मानतात. तिला वीट नको, साचा नको, शिडी नको. जवळची माती घ्यावी, ओली करावी आणि थरावर थर चढवावा. मोरेत्तींनीं असें म्हटलें कीं, मोठें यंत्र करून माणसाचें घरहि याच रीतीनें कां बांधूं नये?

२०१८ सालीं त्यांनीं तेथें ‘गाया’ नांवाची ३० चौरस मीटरांची एक खोली बांधली. तिच्या भिंतींचा मसाला असा: जागेवरचीच माती २५ टक्के, भाताचा चिरलेला पेंढा ४० टक्के, तूस २५ टक्के आणि पाण्यांत घट्ट होणारा चुना १० टक्के. हें सर्व चाकाखालीं मळून घेतलें. आपल्या जुन्या चुन्याच्या घाणीचाच तो धाकटा भाऊ. भिंतींच्या आंत पोकळ्या ठेवून त्यांतहि तूस भरलें, म्हणजे उन्हाळ्यांत ऊन आणि थंडींत गारठा आंत शिरूं नये. भिंतींच्या साहित्याला खर्च आला सुमारें ९०० युरो. त्यानंतर २०२१ सालीं मारिओ कुचिनेल्ला या प्रसिद्ध वास्तुशास्त्रज्ञाच्या आंखणीवरून ‘तेक्ला’ हें घर झालें. एकमेकांत मिसळलेले दोन घुमट, वर प्रकाशासाठीं गोल गवाक्षें, क्षेत्रफळ सुमारें ६० चौरस मीटर.

आपल्या वाचकभगिनींना या घराची कृति सांगणें अगदीं सोपें आहे. चकलीच्या सोऱ्यांतून पीठ दाबून जसें वेटोळें घालतात, तसाच मातीचा जाड दोर एका मोठ्या यंत्राच्या हातांतून बाहेर पडतो आणि भिंतीच्या रेषेवर फिरत जातो. असे दोन हात एकाच वेळीं, एकमेकांस न अडखळतां, चालत होते. १२ मिलिमीटरांचा एक थर, असे ३५० थर. सारी लांबी भरली १५० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते पुणें. आणि वेळ लागला २०० तास. यंत्राला लागणारी वीज सरासरी ६ किलोवॅटांहूनहि कमी. भिंतीवर बाहेरून व आंतून वेटोळ्यांच्या कडा तशाच ठेवल्या आहेत, त्यामुळें घर एखाद्या प्रचंड उतरंडीसारखें दिसतें. आंत गेल्यावर ओल्या मातीचा नव्हे, पण वाळलेल्या मातीचा जो मंद वास असतो, तो आला. आमच्या सौभाग्यवतींनीं भिंतीवर हात फिरविला. त्यांचें बालपण रत्नागिरीकडील मातीच्या घरांत गेलेलें. जरा वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, “बांधलें तर चांगलेंच आहे. पण हें सारवणार कोण?”

घर दाखविणाऱ्या तरुणाला हा प्रश्न कसा समजावून द्यावा तें मला कळेना. पण मला वाटतें, मातीच्या घराविषयीं याहून मोलाचा प्रश्न नाहीं. मातीचें घर एकदां बांधून होत नाहीं. तें दरसाल राखावें लागतें. जमीन चार-आठ दिवसांनीं सारवावयाची, सणापूर्वीं भिंतींना पोतेरें फिरवावयाचें, पावसाळ्याआधीं वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांचे आडोसे बांधावयाचे, उंदरांचीं बिळें बुजवावयाचीं. आणि हें करीत कोण? घरांतल्या बायका. मातीच्या भिंतीचा थंडावा सगळ्यांनीं भोगला, पण शेणामातीनें हात भरले ते त्यांचेच. पुढें शहाबादी फरशी आणि सिमेंट घरांत आलें, तेव्हां आजीबाईंना जो आनंद झाला तो कांहीं परक्या चालीच्या मोहानें नव्हता. कंबरेला विसांवा मिळाला म्हणून तो होता. मातीच्या घरांचे गोडवे गाणारांनीं हें कबूल केल्यावांचून पुढें बोलूं नये.

शिवाय पावसाचा हिशेब निराळा. त्या इटालियन मैदानांत वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याच्या सुमारें चौपट कोंकणांत पडतो, आणि तोहि चार महिन्यांत. वळचण पुढें न काढलेला मातीचा उघडा घुमट येथें किती वर्षें टिकेल, हें पाहिल्यावांचून कोणी सांगूं नये.

तिसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मातीचें घर म्हटलें कीं महाराष्ट्रांतील माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. किल्लारीच्या भूकंपांत सुमारें दहा हजार माणसें दगावलीं, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घराच्या दगडामातीखालीं. तेथील भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातींत रचलेल्या. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड बहुधा नव्हतेच. आणि डोक्यावर माळवदाचा फूट-दोन फूट जाडीचा मातीचा थर. कांहीं घरांत माळवद लांकडी खांबांवर तोललेलें होतें. तेथें भिंत ढासळूनहि छप्पर उभें राहिल्याचें आढळलें. म्हणजे मारक ठरली ती नुसती माती नव्हे. तें वजन आणि ती बांधणी. मास्सा लोंबार्दा ज्या प्रांतांत आहे त्यालाहि मे १९१२ नव्हे, अगदीं अलीकडे, मे २०१२ मध्यें भूकंपाचे दोन मोठे धक्के बसले. तेव्हां हा प्रश्न त्यांच्याहि दाराशीं आहेच. माती दाब सोसते, ताण सोसत नाहीं. घुमटाच्या आकारानें बहुतेक भार दाबाचा राहतो हें खरें, पण जमीन हलूं लागली कीं गणित बदलतें. यंत्रानें थर कितीहि सुबक घातले तरी या कसोटीतून सूट मिळत नाहीं.

मग या तीन लहान इमारतींचा उपयोग काय, असें कोणी विचारील. जगांत दरसाल सुमारें ४ अब्ज टन सिमेंट तयार होतें, आणि हवेंत जो कार्बन वायु माणसाच्या हातून सोडला जातो त्यांतील ७-८ टक्के एकट्या या सिमेंटच्या पायीं. एवढी भट्टी कायम पेटती ठेवून पुढच्या पिढ्यांचीं घरें बांधतां येणार नाहींत, हें आतां शास्त्रज्ञ एकमुखानें सांगतात. लांकूड, जवस, माती, पेंढा यांच्याकडे पुन्हां वळणें हा म्हणून नुसता छंद नव्हे. आणि बांधतांना या साहित्याचा स्वभाव ओळखण्याचें काम यंत्राला थोडेंबहुत शिकवितां येतें, एवढें या तीन ठिकाणीं सिद्ध झालें आहे. राखण्याचें काम मात्र अजून माणसाच्याच हातीं आहे. ज्या दिवशीं तेंहि हलकें होईल, निदान घरांतल्या सगळ्यांत सारखें वांटलें जाईल, त्या दिवशीं मातीचें घर खऱ्या अर्थानें परत येईल.

या सर्वांत एका गोष्टीनें माझ्या मनाला विशेष चुटपुट लावली. गायाचा मसाला टक्क्यांसह लिहिलेला आहे. तो वाचून उद्यां कोणीहि तो करून पाहील. आपल्या घरांच्या भिंतींचा मसाला कोठें लिहिलेला आहे? कोणत्या ओढ्याची माती, तिला किती दिवस मुरवावयाची, पेंढा किती, कोणी त्यांत गूळ किंवा बेलफळाचा गर घालीत तो कशासाठीं, सारवणांत शेण किती नि माती किती, हें सर्व ज्यांच्या बोटांना ठाऊक होतें त्यांपैकीं बरीच मंडळी गेलीं आणि उरलेलीं ऐंशीच्या घरांत आहेत. यंत्राला शिकवावयाचें म्हटलें तरी शिकविणारा कोणी तरी लागतो.

पुष्कळ कुटुंबांत आज गांवाकडच्या घराचा प्रश्न पडलेला आहे. वांटण्या झाल्या आहेत, राहणारें कोणी नाहीं, भिंत फुगली आहे, आणि पाडून टाकावें असें बहुमत आहे. पाडूं नका असें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. ज्याला त्याला आपल्या अडचणी ठाऊक. पण पाडण्यापूर्वीं एक दिवस काढून एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याला आणि घरांतल्या सर्वांत वडील बाईला त्या भिंतीपाशीं नेऊन बसवावें, त्यांना विचारावें, आणि तीं सांगतील तें मुलांच्या हातून वहींत उतरवून घ्यावें. भिंतीचें एक ढेंकूळहि डब्यांत ठेवावें. याला खर्च कांहीं नाहीं, आणि मुहूर्तहि पाहावा लागत नाहीं.